धुराड्यापुढची ससाणी

वस्तीतल्या पोरांनी त्यांचं नाव 'हलूनका काका' ठेवलं होतं. पोरांनी ठेवलेलं नाव कधी सुटत नाही, सांगून ठेवतो. काकांची दाढी पांढरी झाली, पोरांची पोरं शाळेत जायला लागली, तरी हलूनका काका ते हलूनका काकाच.

बाजाराच्या तोंडाशी एक जुनी इमारत. वरच्या मजल्यावर पुढच्या खोलीत काकांचा फोटो स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि डोक्यावर गच्ची. स्टुडिओत एक गोल फिरतं स्टूल, छत्री लावलेले दोन दिवे आणि भिंतभर बागेचं चित्र रंगवलेला पडदा. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की काका त्याची हनुवटी बोटभर खाली करायचे, एक खांदा मागे ढकलायचे, मग कॅमेऱ्यामागे जाऊन हाताने फोकस जुळवायचे आणि म्हणायचे, "हलू नका." तान्ह्या बाळाला तेच, थरथरत्या आजोबांना तेच. एकदा एका हवालदाराला ऐन वेळी शिंक आली तर बिचाऱ्याने ती गिळून टाकली. काकांचा धाकच तसा!

आणि एक नियम होता, तो त्यांच्या वडिलांकडून आलेला. बिघडलेला फोटो जिवंत ठेवायचा नाही. डोळा मिटला, नाक हललं, फोकस कानावर बसला, की तो फोटो अंधाऱ्या खोलीतच फाडायचा. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये, घरात राहता कामा नये. काका म्हणायचे, "वाईट फोटो ठेवला की हात तसाच वळायला लागतो." त्यामुळे एवढी वर्षं धंदा करूनही त्यांच्याकडे एकही बिघडलेला फोटो सापडला नसता.

बिघडला असं सांगूनही न फाडलेला फोटो फक्त एकदाच निघाला, आणि ते बिघडणंही खोटंच. रस्त्यापलीकडे काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. तांबड्या विटांचं उंचच उंच धुराडं, लोखंडी फाटक, भल्या मोठ्या आवाजाचा भोंगा. तिथल्या सगळ्या कामगारांचे ओळखपत्राचे फोटो काकांकडेच निघायचे. त्यात एक मुलगी आली. तपासणी खात्यात नव्यानेच लागलेली. काकांनी फोटो काढला आणि दोन दिवसांनी तिला सांगितलं, "बिघडला हो, परत बसावं लागेल." ती परत आली. परत बिघडला. तिसऱ्यांदा काका तेच सांगायला लागले तेव्हा ती स्टुलावर न बसता उभीच राहिली. तिचं कामच खोट शोधायचं. पांढऱ्या उजेडासमोरून बाटल्यांची रांग सरकत जायची आणि त्यातली तडकलेली, बुडबुडा राहिलेली बाटली ती नुसत्या नजरेने हेरून उचलायची. तिने काकांकडे तसंच निरखून पाहिलं आणि म्हणाली, "फोटो नाही बिघडलेला. फोटोवाला बिघडलाय."

लग्नाला मग फार उशीर झाला नाही.

काकू लग्नानंतरही कारखान्यात जातच राहिल्या. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की काका हातातलं गिऱ्हाईक स्टुलावर तसंच ठेवून गच्चीवर पळायचे. समोर फाटक उघडायचं, बायकांचा घोळका बाहेर पडायचा, त्यात काकू मान वर करून गच्चीकडे बघायच्या आणि डब्याची पिशवी जराशी उंच करायच्या. बस्स, एवढंच. मग काका खाली येऊन गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हं, हनुवटी खाली." काकूंची धाकटी बहीण याची नक्कल करून सगळ्या नातेवाइकांना हसवायची. तिचा नवरा, म्हणजे काकांचा साडू, त्याच कारखान्यात भट्टीवर होता. तो म्हणायचा, "आमचा साडू भोंग्यावर चालतो. चावी द्यायची गरज नाही."

काय दिवस होते ते! पाळी संपवून आलेल्या काकूंच्या अंगाला तापलेल्या काचेचा वास यायचा. लेक स्टुडिओतल्या पडद्यामागे लपायची, आणि गिऱ्हाइकांच्या फोटोत बागेतल्या झाडाला मध्येच पाय फुटायचे. हे सगळं घर तेव्हा त्या धुराड्याच्या सावलीत वाढत होतं आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं हो?

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, भट्टी विझली, कारखान्याला कुलूप लागलं. पाठोपाठ लोकांच्या हातात फोन आले आणि काकांचं स्टूलही रिकामं झालं. काकांनी दिवे उतरवले, पडदा गुंडाळला, आणि खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या हनुवट्या बघत दिवस काढायला लागले. लेक तोवर नोकरीसाठी दूर गेली होती. तिला बापाचा हा अवतार बघवेना. तिने एक नवाकोरा कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स पाठवून दिली. वर फोनवर सांगितलं, "बाबा, आता स्वतःसाठी काढा. काय हवं ते."

काय हवं ते काकांना आधीच ठाऊक होतं. "आयुष्यभर बसलेल्या माणसांचे फोटो काढले," ते म्हणाले. "आता उडणाऱ्याचेच काढणार. बसलेल्याचा एकसुद्धा नाही. बसलेला पक्षी म्हणजे पासपोर्ट फोटो."

काकू म्हणाल्या, "बघा हं. उडणारे काही तुमचं ऐकून थांबायचे नाहीत."

उडणारी मंडळी गच्चीवरूनच दिसायची. घारी तर पैशाला पासरी, दिवसभर बाजारावर घिरट्या घालत. कधीमधी शिक्रा झाडातून सुसाट जायचा. पण राणी म्हणावी अशी एकच होती. थंडी पडली की कुठून तरी लांबून एक बहिरी ससाणी यायची आणि धुराड्याच्या वरच्या कड्यावर मुक्काम ठोकायची. साडू तिला भट्टीवर असल्यापासून ओळखत होता, निदान तो तसं म्हणायचा. "हिची आई यायची, मग ही यायला लागली. कबुतर दिसलं की अशी पडते खाली, की वरून कोणी वीट सोडली वाटावं." काकांनी तिला पहिल्यांदा पडताना पाहिलं आणि ते ताडकन उठून कठड्याशी गेले. हिचा एक फोटो, उडतानाचा, डोळ्यात डोळा घातलेला. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. पहिली थंडी पूर्ण वाया गेली. हाताने फोकस जुळवेपर्यंत बाई दिसेनाशा व्हायच्या. मग नाइलाजाने ऑटोफोकसवर आले, तर सवय नडली. स्टुडिओत डोळ्यावर एकदा फोकस धरला की झालं, माणूस जागचा हलत नाही. काका इथेही तसंच करायचे. बटण अर्धं दाबायचे, फोकस धरायचे, मग सावकाश चौकट जुळवायचे. तेवढ्यात ससाणी चार घरं ओलांडून गेलेली असायची आणि फोटोत नुसता करडा धूर. साडू गच्चीवर खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, "ओरडून बघ ना. हलू नका म्हण." काका त्याच्याशी दोन दोन दिवस बोलायचे नाहीत.

दुसऱ्या थंडीत लेकीने फोनवरून सांगून कॅमेरा सतत फोकस करत राहील असा लावून घेतला. आता नवीनच तऱ्हा. ससाणी मोकळ्या आभाळात असली की ठीक, पण ती यायची जायची ती धुराड्यासमोरूनच. धुराड्यासमोर आली रे आली, की कॅमेरा तिला सोडून धुराडं धरायचा. फोटो उघडावा तर एकेक वीट मोजून घ्या! विटांमधला चुना दिसायचा, वर चढायची लोखंडी शिडी दिसायची, शिडीच्या गंजाचे ओघळ दिसायचे, वरच्या कड्याची भेगसुद्धा दिसायची. आणि मध्ये ससाणी म्हणजे बोटाने फासल्यासारखा डाग.

"परत धुराडं," काका दात खाऊन म्हणायचे आणि तिथल्या तिथे फोटो पुसायचे. सकाळच्या उन्हातलं धुराडं, धुक्यातलं धुराडं, अवकाळी पावसाने भिजून काळंतांबडं झालेलं धुराडं, सगळी पुसली. वडिलांचा नियम होता ना. कॅमेऱ्यात जागा भरपूर होती हो, पण वाईट फोटो ठेवायचा कसा?

अशात बातमी आली. कारखान्याची जागा विकली गेली होती. आतल्या शेडी आधीच उतरल्या होत्या, आता थंडी सरताना धुराडं पाडणार होते. साडूने ती बातमी गच्चीवर आणली. काका म्हणाले, "म्हणजे ही शेवटचीच खेप तिची."

"धुराडं नाही तर ती कशाला येईल इथे? आपली तोंडं बघायला?" साडू म्हणाला.

त्या दिवसापासून काकांना दुसरं काही सुचेना. जेवतानाही एक कान गच्चीकडे. माणसाला उतारवयात एखाद्याच गोष्टीचा ध्यास लागतो आणि ती हातची निसटायला लागली की तो पोरासारखा होतो. काका तसेच झाले होते. काकू रोज चहा घेऊन वर यायच्या, कठड्याशी उभं राहून जरा वेळ कारखान्याकडे बघायच्या आणि कप घेऊन खाली जायच्या. त्या दिवसांत त्या फार बोलत नव्हत्या. काकांच्या ते ध्यानातही आलं नाही.

शेवटी काकांनी मान खाली घातली आणि लेकीला फोन लावला.

"बाबा, फोकसचा चौकोन केवढा ठेवलाय?"

"सगळ्या काचेभर. कुठेही आली तरी सापडावी म्हणून."

"म्हणूनच तर! एवढा मोठा ठेवला की समोर जे मोठं, ठसठशीत दिसेल ते तो धरणार. त्याला बिचाऱ्याला काय माहीत तुम्हाला पक्षी पाहिजे? मधल्या ठिपक्यांचा छोटा पुंजका घ्या. अगदी एकच ठिपका नको, तेवढा तुमचा हात स्थिर राहायचा नाही."

"माझा हात?"

"चिडू नका हो बाबा. आता मेनूत खाली जा. तिथे एक पट्टी आहे. धरलेली गोष्ट सुटली किंवा मागे दुसरं काही आलं, तर कॅमेऱ्याने लगेच तिकडे वळायचं की जुन्यालाच धरून थांबायचं, ते तिथे ठरतं."

काका म्हणाले, "म्हणजे निष्ठा."

"हो, निष्ठाच म्हणा. ती पूर्ण वाढवा. आणि तिला मोकळ्या आभाळातच पकडायचं, धुराडं यायच्या आधी. एकदा पकडली की बटणावरचं बोट उचलायचं नाही."

काकू शेजारीच भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "कॅमेऱ्यालाही शिकवावी लागते का निष्ठा? आणि हे शिकवणार!" काका किती दिवसांनी मनापासून हसले.

मग त्यांनी घारींवर सराव मांडला. घार आभाळात पकडायची, तिच्याबरोबर कमरेतून वळत जायचं, धुराड्यासमोरून पलीकडे काढायची, बोट उचलायचं नाही. आधी आधी दहातल्या आठ वेळा धुराडं. मग निम्म्या वेळा. मग हळूहळू कॅमेरा शहाणा झाला, म्हणजे खरं तर काकाच झाले. घारीमागून धुराडं सरकत जायचं आणि कॅमेरा त्याच्याकडे बघायचाही नाही. मागे नुसता मऊ तांबूस रंग, आणि पुढे घारीचं एकेक पीस.

"आता कसं!" काका म्हणायचे. उरलीसुरली धुराडी त्यांनी पुसून कॅमेरा स्वच्छ केला.

पाडायच्या आदल्या सकाळी खाली रस्त्यावर दोऱ्या बांधायचं काम चाललं होतं. माणसं टोप्या घालून फिरत होती. त्या गडबडीने बाजारातली कबुतरं उठली. साडू ओरडला, "सुटली!" काकांनी कॅमेरा उचलला. वर निळ्या आभाळात एक ठिपका पंख मिटून कलंडत होता. काकांनी तो मधल्या पुंजक्यात घेतला, बोट दाबलं, आणि कमरेतून वळत गेले. ती खाली आली, मोठी झाली, धुराड्यासमोरून गच्चीच्या अंगाला वळली. कॅमेरा कडकड वाजत होता. कबुतर निसटलं, ससाणी पंख उघडून वर गेली, आणि काका मटकन खुर्चीत बसले.

फोटो त्यांनी जरा वेळाने उघडला, धीरच होईना. साडूने वाकून पाहिलं. काळाभोर डोळा, त्याभोवतीची पिवळी कड, चोचीची वाकडी टोचणी, पंखावरची आडवी नक्षी. एवढा थट्टेखोर माणूस, पण थट्टा विसरला. मग म्हणाला, "मानलं बुवा तुला." काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आयुष्यभर थांबलेल्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाने हिला न थांबवता पकडलं होतं.

दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती गच्च्यांवर चढली. काकू मात्र वर गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मला स्वयंपाक आहे." आवाज झाला तेव्हा फडताळातल्या बरण्या एकमेकींवर वाजल्या, खिडकीबाहेर सगळं लाल झालं, आणि कितीतरी वेळ काही दिसेना. धूळ बसली तेव्हा समोर आभाळ होतं, फार मोठं आणि मोकळं. ससाणी त्या जागेवर एकदोन फेऱ्या मारून गेली.

काकांनी फोटो भला मोठा छापून घेतला, चौकट केली आणि स्टुडिओत जिथे बागेचा पडदा असायचा त्या भिंतीवर लावला. लोक बघायला यायचे. काका पुंजका, पट्टी आणि निष्ठा सगळ्यांना समजावून सांगायचे, ज्यांना कळायचं नाही त्यांना दोनदा. लेकीनेही फोनवर तोंडभरून कौतुक केलं. घरात बऱ्याच दिवसांनी गजबज होती.

ती ओसरल्यावर एका दुपारी काकू हात पुसत स्टुडिओत आल्या.

"अहो, मला एक फोटो द्याल काढून? छोटासाच चालेल, पाकिटात मावेल एवढा."

"तुझा? बस की स्टुलावर."

"माझा नाही हो. धुराड्याचा. तुम्ही काढलेत ना इतके, त्यातला एखादा. मी आई-वडिलांकडे होते ना, तेव्हा आई अंगणातून त्याचा धूर बघायची. धूर दिसला की म्हणायची, पोरगी कामावर आहे. इतकी वर्षं मी त्याच्याखाली गेले-आले. आता खिडकी उघडली की कसंसंच होतं." मग त्या म्हणाल्या, "समोर होतं तोवर मागायचं सुचलंच नाही."

काका उठले. कॅमेरा उघडला, कार्ड बघितलं, मग दुसरं कार्ड, मग लेकीने लावून दिलेल्या संगणकात बघितलं. ससाणी होती, घारी होत्या, शिक्रा होता. आभाळ हवं तेवढं होतं. एकेक वीट मोजता येईल अशी ती धुराडी त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने पुसली होती, आणि त्या जागेवर पुढचे फोटो कधीच बसले होते. बसलेल्या ससाणीचा एखादा तरी काढला असता तर तिच्या पायाखाली धुराडं आलं असतं. तोही नव्हता.

त्यांनी साडूला फोन केला. साडूच्या फोनवर पडतानाची चित्रफीत होती, ती त्याने लगेच पाठवली. काकूंनी ती अर्धीच बघितली आणि फोन परत दिला. "हे पडतानाचं आहे. मला उभं असलेलं पाहिजे होतं. आणि तुम्ही काढलेलं."

"नाहीये गं माझ्याकडे," काका म्हणाले. "एकही नाही. चुकीचे म्हणून पुसले मी सगळे." इतकी वर्षं भोंगा झाला की ते गच्चीवर गेले होते, तिच्याकडे बघितलं होतं, आणि तिच्यामागे काय उभं आहे ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहायची वेळ गेली होती. त्यांना स्वतःची अशी चीड आली की भिंतीवरची चौकट उतरवून फोडावी.

काकू त्या चौकटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला. ससाणीच्या उघड्या पंखामागे वरपासून खालपर्यंत एक तांबूस पट्टा होता, ना कडा, ना वीट, ना शिडी. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हेच ना ते?"

"हो."

त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, हिला जरा बाजूला घेता येईल का?"

"घेतलं तरी मागे एवढंच आहे गं," काका म्हणाले आणि रिकाम्या स्टुलावर बसून रडायला लागले.

काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. "रडू नका हो," त्या म्हणाल्या. "पक्षी छान आलाय." बोट त्यांनी त्या तांबूस पट्ट्यावरच ठेवलं होतं.